केळव्याच्या खाऱ्या हवेत लेदरचा सोफा टिकतो का? रंग निवडण्याआधी हे तपासा

केळवे (ता. पालघर) : लग्नसराई, दिवाळी किंवा होमस्टेचा सीझन जवळ आला की घरात नवा सोफा आणायचा बेत ठरतो. पालघर-बोईसरच्या दुकानांत आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत सगळीकडे 'लेदर सोफा' दिसतो. दिसायला भारी, पुसायला सोपा, पाहुण्यांवर छापही पडते. मग घरात चर्चा सुरू होते ती रंगाची. काळा घ्यायचा की चॉकलेटी? भिंतीला कुठला रंग शोभेल?

केळवे, माहीम, सातपाटी, दांडी, तारापूर अशा किनाऱ्यालगतच्या गावांत मात्र रंगाच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. हा सोफा नेमका कशाचा बनलाय, आणि तो कुठल्या खोलीत ठेवणार आहात? याचं उत्तर चुकलं, तर कितीही झकास रंग निवडला तरी तीन-चार पावसाळ्यांत सोफ्याची सालं निघायला लागतात आणि कष्टाचे पैसे वाया जातात.

इथली हवा चामड्याची परीक्षा घेते

केळव्याच्या किनाऱ्यावर सुरूची बनं आहेत, गावात पानवेलीच्या, नारळी-सुपारीच्या वाड्या आहेत. पर्यटकांना हे आवडतं, पण याच गोष्टींमुळे घरात ओलावा जास्त राहतो. समुद्रावरून दमट वारा येतो, वाडीची सावली घराला थंडावा देते पण ऊन आत येऊ देत नाही. जून ते सप्टेंबर तर कपाटातले कपडेही सादळतात.

हवेतली आर्द्रता बराच काळ साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढायला पोषक वातावरण मिळतं. बुरशीचे बारीक कण हवेत असतातच. त्यांना ओल, थोडी धूळ, घामाचा किंवा तेलाचा अंश मिळाला की पुरे. पावसाळ्यात कोपऱ्यात राहिलेल्या कोल्हापुरी चपलेवर पांढरा बुरा आलेला सगळ्यांनी पाहिलाय. चामडं हे प्राण्याचं कातडं. कमावल्यानंतर ते कुजत नाही, पण ओल शोषतं. चपलेचं जे होतं, तेच सोफ्याचंही होऊ शकतं.

त्यात इथल्या हवेत मीठ आहे. मीठ ओल धरून ठेवतं. लोखंडी खिडक्यांना दर वर्षी रंग का काढावा लागतो, हे गावकऱ्यांना सांगायला नको. तोच गंज सोफ्याच्या आतल्या स्प्रिंगा, खिळे आणि पट्ट्यांनाही लागतो. फरक इतकाच, की तो दिसत नाही.

दुकानातलं 'लेदर' म्हणजे नेमकं काय?

दुकानात एकाच शब्दाखाली निदान चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिलं, अस्सल चामडं. कातड्याचा वरचा थर सर्वांत मजबूत असतो. तो जसाच्या तसा ठेवला तर त्याला 'फुल ग्रेन' आणि थोडा घासून सारखा केला तर 'टॉप ग्रेन' म्हणतात. खालचा थर वेगळा काढून त्यावर लेप दिला की तो 'स्प्लिट'. तोही चामडंच, पण ताकद कमी. वरच्या थराचं चामडं नीट सांभाळलं तर पंधरा-वीस वर्षंही चालू शकतं. किंमतही तशीच असते.

दुसरं, 'बॉन्डेड लेदर'. चामड्याचे तुकडे आणि भुसा गोंदासारख्या रसायनात कालवून कापडावर पसरतात आणि वरून प्लास्टिकचा थर देतात. प्लायवूडला जसं अखंड लाकूड म्हणता येत नाही, तसंच हे. नावात लेदर असलं तरी चामड्याचा टिकाऊपणा त्यात नसतो.

तिसरं, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. कापडावर या रसायनाचा पातळ थर असतो. हाताला मऊ लागतं, अगदी चामड्यासारखं दिसतं. आजच्या बऱ्याच स्वस्त आणि मध्यम किमतीच्या 'लेदर' सोफ्यांवर हेच असतं. 'लेदरेट', 'लेदर फिनिश', 'व्हीगन लेदर' ही नावं दिसली तर ते जनावराचं चामडं नाही, असं समजावं.

चौथं, पीव्हीसी, म्हणजे आपण ज्याला रेक्झिन म्हणतो ते. रेक्झिन हे मूळचं इंग्लंडमधल्या एका कंपनीच्या मालाचं नाव. पुढे ते सगळ्याच लेप दिलेल्या कापडाला चिकटलं. रिक्षाच्या सीटपासून दवाखान्याच्या बाकापर्यंत तेच असतं.

सालं का निघतात?

पीयूचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. हवेतलं पाणी आणि उष्णता मिळून पॉलियुरेथेनच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडतात. थर ठिसूळ होतो, मग पापुद्रे सुटतात आणि बसणाऱ्याच्या कपड्यांना चिकटतात. म्हणूनच 'आम्ही फारसं वापरलंच नाही, तरी खराब झाला' ही तक्रार खरी असते. सोफ्यावर कुणी बसो ना बसो, हवा आपलं काम करत राहते. एकदा हे सुरू झालं की कुठलंही पॉलिश ते थांबवत नाही. पीयूचे चांगले, जास्त टिकाऊ प्रकारही असतात, पण स्वस्तातल्या सोफ्यावर ते मिळण्याची शक्यता कमी.

पीव्हीसीचं तसं होत नाही. पाण्याला ते जास्त दाद देत नाही. त्यात मऊपणासाठी घातलेलं रसायन काही वर्षांत उडून जातं, मग रेक्झिन कडक होऊन तडकतं. उन्हात हे लवकर होतं. शिवाय मे महिन्यात त्यावर बसलं की पाठीला घामाच्या धारा लागतात. तरीही किनाऱ्यालगतच्या घरात स्वस्त पीयूपेक्षा जाड, चांगल्या प्रतीचं रेक्झिन बरं.

घेण्याआधी हे पाहा

चामडं ओळखायला दुकानात कुठलं यंत्र लागत नाही.

१. उलटी बाजू पाहा. गादीच्या कव्हरची चेन उघडा. आतून विणलेलं कापड दिसलं तर ते बहुधा पीयू किंवा रेक्झिन. चामड्याची मागची बाजू तंतूंची, मखमलीसारखी खरखरीत असते. मात्र बॉन्डेडच्या मागे चामड्याचा भुसा चिकटवलेला असू शकतो, म्हणून फक्त यावर विसंबू नका.

२. वरची नक्षी पाहा. कातड्यावरची छिद्रं, रेषा, एखादा जुना ओरखडा सगळीकडे सारखे नसतात. नक्षी शिक्क्यासारखी तंतोतंत सारखी असेल तर ती मशीनने उठवलेली आहे.

३. बोटाने दाबा. चामड्यावर बारीक सुरकुत्या पडतात आणि बोट काढलं की हळूहळू जातात.

४. वास घ्या. प्लास्टिकचा उग्र वास आला तर सावध व्हा. काही ठिकाणी चामड्याचा वास मुद्दाम मारलेला असतो, त्यामुळे हा पुरावा एकटा पुरेसा नाही.

५. थेट विचारा : "सगळीकडे लेदर आहे, की फक्त बसायच्या आणि टेकायच्या जागी?" अनेक सोफ्यांत समोर चामडं आणि बाजूला, मागे त्याच रंगाचं रेक्झिन असतं. यात फसवणूक असतेच असं नाही, पण मग किंमत पूर्ण चामड्याची देऊ नये.

जाळून पाहण्याचा व्हिडिओ मोबाइलवर फिरतो. दुकानात किंवा घरात तसलं काही करू नका. प्लास्टिकचा धूर घातक असतो.

आतला सांगाडाही बघा

वरचं कव्हर बदलता येतं, सांगाडा मोडला तर सोफाच जातो. सागवानी सांगाडा उत्तम. प्लायवूडचा असेल तर त्यावरचा शिक्का पाहा. मरीन प्लायसाठी आयएस ७१० हा भारतीय मानकाचा क्रमांक आहे, तो ओलीला जास्त टिकतो. दाबलेल्या भुशाचा बोर्ड दमट हवेत फुगतो आणि स्क्रू धरत नाही. स्टीलचे पाय असतील तर ३०४ पेक्षा ३१६ प्रतीचं स्टील खाऱ्या हवेत चांगलं. लाकडी पाय त्याहून सोपे. पाय चार-पाच इंच उंच असावेत, म्हणजे खालून हवा फिरते, झाडू जातो आणि वाळवी लागली तर वेळीच दिसते.

कुठल्या घरात काय चालेल?

बारा महिने माणसांचा वावर असलेलं, खिडक्या उघड्या राहणारं, पंखा फिरणारं घर असेल तर अस्सल चामड्याचा सोफा किंवा निदान एखादी खुर्ची घ्यायला हरकत नाही. ती आतल्या, कोरड्या खोलीत ठेवावी.

पावसाळ्यात महिनोन्महिने बंद राहणारं घर असेल, मालक मुंबईला आणि घर केळव्यात, तर चामडं आणि पीयू दोन्ही टाळावं. बंद घरातली कोंदट हवा दोघांनाही खाते.

होमस्टेची गोष्ट आणखी वेगळी. पाहुणे समुद्रात डुंबून ओल्या कपड्यांनी येतात आणि तसेच टेकतात. खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग चामड्यावर उठतात, कपड्यांतल्या वाळूने पृष्ठभाग घासला जातो. ओटीवर किंवा पडवीत लाकडी बाक, वेताच्या खुर्च्या, झोपाळा आणि त्यावर धुता येतील अशा कॉटनच्या कव्हरच्या गाद्या, हा साधा मार्गच फायद्याचा. कव्हर फाटलं तर गावातला शिंपी नवं शिवून देतो. सालं निघालेला सोफा मात्र पाहुण्याच्या फोटोत जसाच्या तसा दिसतो.

आता रंग : आधी उजेड ओळखा

वस्तू ठरली की रंग. इथेही दुकानातला दिवा फसवतो. शोरूममध्ये पिवळसर, प्रखर दिवे असतात. त्याखाली चॉकलेटी सोफा सोन्यासारखा झळकतो. घरी पांढऱ्या ट्यूबलाइटखाली तोच मळकट वाटतो. म्हणून कापडाचा किंवा चामड्याचा तुकडा मागून घ्या आणि घरात तीन वेळा पाहा : सकाळी, दुपारी चारच्या सुमारास आणि रात्री दिवा लावून. एलईडी दिव्याच्या खोक्यावर २७०० किंवा ३००० के लिहिलं असेल तर उजेड पिवळसर पडतो, ६५०० के असेल तर निळसर पांढरा.

वाडीतल्या घरांत उजेड झाडांच्या पानांतून गाळून येतो. तो मंद आणि हिरवट असतो. अशा खोलीत करडा किंवा निळसर रंग निर्जीव वाटतो. तिथे मलईसारखा पांढरा, फिकट पिवळा, बदामी असे उबदार रंग भिंतीला शोभतात. याउलट पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला खिडक्या असतील तर दुपारनंतर कडक ऊन थेट आत येतं. तिथे फिकट हिरवा किंवा पांढराशुभ्र रंग डोळ्याला गारवा देतो. सोफा मात्र त्या खिडकीसमोर नको. सततच्या उन्हाने चामडं कोरडं पडतं, तडकतं आणि त्याचा रंग उडतो.

सोफ्याचा रंग निवडताना डागांचाही हिशेब करा. काळ्या सोफ्यावर धूळ, मिठाचे वळ आणि बुरशीचा पांढरा थर लगेच उठून दिसतो, शिवाय उन्हात तो तापतो. पांढऱ्या किंवा क्रीम सोफ्याला नव्या जीन्सचा निळा रंग लागतो. हळद-कुंकवाचं बोट लागलं तर डाग जाता जात नाही. आपल्या घरांसाठी मधला मार्ग म्हणजे तांबूस तपकिरी, बदामी किंवा विटकरीकडे झुकणारा रंग. तोही अगदी एकसारखा, गुळगुळीत नको. थोडी दाणेदार नक्षी आणि रंगात किंचित चढ-उतार असेल तर रोजचे ओरखडे त्यात मिसळून जातात.

रंग जुळवायचा एक सोपा हिशेब आहे. खोलीचा मोठा भाग, म्हणजे भिंती, एका फिकट रंगाच्या. सोफा, पडदे मिळून दुसरा रंग. उशा, फ्रेम, फुलदाणी अशा छोट्या वस्तूंना तिसरा, उठून दिसणारा रंग. चौथा रंग आणायचा मोह झाला तर आधीचा एखादा कमी करा.

गेरू आणि पांढरा : जोडी आपल्याच जिल्ह्यातली

सजावटीसाठी लांब जायची गरज नाही. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, ही वारली चित्रांची रंगजोडी पालघर जिल्ह्यातच घरोघर नांदली. पूर्वी लग्नाच्या वेळी सुवासिनी घराच्या भिंतीवर देवचौक काढत. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं कागदावर, कापडावर आणली आणि जगभर पोचवली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचं निधन झालं.

ही जोडी तपकिरी चामड्यासोबत छान दिसते, फक्त एक काळजी घ्यावी. गेरूच्या भिंतीला टेकून विटकरी सोफा ठेवला तर दोन्ही एकमेकांत हरवतात. सोफ्यामागची भिंत मलई रंगाची ठेवा आणि तिच्यावर वारली चित्राची फ्रेम लावा, किंवा समोरची एक भिंत गेरूची करा. चित्र शक्यतो जिल्ह्यातल्या वारली कलाकाराकडूनच घ्या. स्टिकरच्या पैशात थोडी भर घातली तर हाताने काढलेलं चित्र मिळू शकतं, आणि पैसे जिल्ह्यातच राहतात.

भिंत ओली असेल तर रंगाची घाई नको

गणपतीच्या आधी घर रंगवायची आपल्याकडे पद्धत आहे. पण तेव्हा भिंतींनी पावसाचं पाणी प्यायलेलं असतं. ओल्या भिंतीवर प्लास्टिक पेंट मारला तर आतली वाफ कोंडते आणि रंगाला फोड येतात. लोणा धरलेल्या भिंतीवर तर रंग टिकतच नाही. गणपतीला हलका चुन्याचा हात फिरवून भागवावं. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. मोठं रंगकाम डिसेंबरनंतर, भिंत वाळल्यावर काढावं. ओल कुठून येते ते आधी शोधून बंद करावं. ओल्या भिंतीला चिकटून ठेवलेला सोफा मागून कुजायला लागतो आणि ते महिनोन्महिने कळत नाही.

पावसाळ्यातली निगा

• सोफा भिंतीपासून निदान चार-सहा इंच पुढे ओढा.

• प्लास्टिकने झाकून ठेवू नका. आत ओल कोंडते. झाकायचंच तर सुती चादर.

• रोज काही वेळ खिडकी उघडा किंवा पंखा लावा.

• आठवड्यातून एकदा कोरड्या मऊ कापडाने पुसा. डाग असेल तर किंचित ओलसर कापड आणि सौम्य साबण, मग लगेच कोरडं.

• खोबरेल तेल लावू नका. क्षणभर चकाकी येते, पण तेल आत मुरतं, खवट होतं, धूळ धरतं आणि बुरशीला खाद्य मिळतं. बुटाचं पॉलिशही नको, ते कपड्यांना लागतं. चामड्यासाठी मिळणारं कंडिशनर वर्षातून एक-दोनदा पुरे.

• बुरा आलाच तर तोंडाला रुमाल बांधून, घराबाहेर, मऊ ब्रशने झाडा. मग मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात पिळलेल्या कापडाने पुसा. आधी मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून बघा, रंग उतरत असेल तर थांबा. स्पिरिट पेट घेतं, जवळ दिवा-उदबत्ती नको. नंतर सावलीत वाळवा, उन्हात नाही.

बिलावर काय लिहून घ्यायचं?

तोंडी 'ओरिजिनल लेदर आहे' याला पुढे अर्थ उरत नाही. बिलावर वस्तूचं नाव स्पष्ट हवं : अस्सल चामडं, पीयू की पीव्हीसी, चामडं पूर्ण सोफ्याला की फक्त बसायच्या जागी, सांगाडा कशाचा, वॉरंटी किती आणि सालं निघाली तर ती लागू होते का. वॉरंटीत कापडाला वगळलं असेल तर ते आधीच कळतं. मोबाइलवरून मागवत असाल तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

सांगितलं एक आणि दिलं दुसरंच, असं झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तिथे न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागता येते, म्हणून दुकान मुंबईला असलं तरी मुंबईला खेपा माराव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तक्रारीची मुदत साधारण दोन वर्षं, त्यामुळे बिल फेकू नका. होमस्टेसाठी घेतलेल्या वस्तूबाबत 'हा धंद्यासाठी घेतलेला माल' असा मुद्दा समोरचा काढू शकतो. मात्र स्वतः राबून पोट भरण्यासाठी केलेल्या व्यवसायाला कायद्याने यातून सूट दिली आहे.

थोडक्यात, समुद्राकाठच्या घरात आधी हवा बघायची, मग वस्तू, मग सांगाडा आणि सगळ्यात शेवटी रंग. बजेट कमी असेल तर 'लेदर' या नावासाठी स्वस्त पीयूचा सोफा घेण्यापेक्षा त्याच पैशात चांगल्या लाकडाची बैठक आणि दोन जोड कव्हरं करून घ्यावीत. दिवाळीला एक, गणपतीला दुसरं. रंग बदलायची हौसही त्यातच भागते.